टोमॅटोचे इन्स्पेक्टर

नाशिक रोडला मी भाड्याने राहायचो त्या इमारतीत नव्या भाडेकरूला खोली दाखवायची एक ठरलेली रीत होती. आधी नळ सोडून दाखवायचा, मग गॅलरी, मग पंखा, आणि सगळ्यात शेवटी घरमालक, म्हणजे सगळ्यांचे काका, शर्टाच्या खिशातून एक टोमॅटो काढून समोरच्याच्या हातावर ठेवायचे.

"खा."

मी खाल्ला. धुतलेला आहे का विचारायचीही हिंमत झाली नाही.

"कसा लागला?"

"छान आहे."

"छान आहे ते जाऊ दे. आत काय काय आहे, माहितीय का?"

मग त्यांनी आत काय काय आहे ते सांगितलं. खाली मी रिक्षा थांबवून ठेवली होती. सी जीवनसत्त्व संपून पोटॅशियम सुरू होईपर्यंत रिक्षावाल्याने दोनदा हॉर्न दिला, आणि टोमॅटोला लाल करणाऱ्या लायकोपिनपर्यंत तो निघून गेला. खोली मात्र मला मिळाली. माझ्या आधी आलेल्या मुलाने "मला टोमॅटो चालत नाही" असं सांगितलं होतं म्हणे, तर काकांनी "खोली रंगवायला काढलीय" म्हणून त्याला वाटेला लावलं होतं.

काकांनी सगळी नोकरी अंबडच्या एका कारखान्यात केली, क्वालिटी इन्स्पेक्टर म्हणून. कारखान्यात गिअर बनायचे आणि काका ते नापास करायचे. सुपरवायझरपासून मालकापर्यंत सगळे त्यांना टरकून असत. कँटीनमध्ये त्यांच्या टेबलावर चहा प्यायला कुणी बसायचं नाही, हे ते स्वतःच मोठ्या अभिमानाने सांगायचे. निवृत्त झाले, पण नजर निवृत्त झाली नाही. इडलीच्या बाजूने बघून "जाडी एकसारखी नाही" म्हणायचे. दुसऱ्या मजल्यावरच्या मुलीचं ठरलेलं लग्न बोलाचालीत अडकलं, तर "रिवर्कला गेलंय, दुरुस्त होऊन येईल परत" म्हणाले. आणि खरंच आलं.

"लग्नाला इतकी वर्षं झाली," काकू म्हणायच्या, "पण मी पास झाले की नाही हे ह्यांनी अजून सांगितलेलं नाही."

"इन्स्पेक्शन चालू आहे," काका पेपरातून मान वर न करता म्हणायचे.

हा माणूस टोमॅटोला कसा लागला, याच्या दोन हकिगती आहेत. काकांच्या मते निवृत्तीनंतर रक्तदाब वाढला, डॉक्टरांनी मीठ कमी करून फळं-भाज्या वाढवायला सांगितल्या, त्यांनी रोज टोमॅटो सुरू केला आणि रक्तदाब सुतासारखा सरळ आला. काकूंच्या मते त्या त्यांना रोज पहाटे हात धरून फिरायला ओढून न्यायच्या, म्हणून तो सरळ आला. "चालून चालून पाय माझे दुखले, आणि हार टोमॅटोच्या गळ्यात."

पण काकांनी टोमॅटोत काहीतरी बघितलं होतं एवढं खरं. आयुष्यभर दोष शोधलेल्या माणसाला निवृत्तीनंतर एक वस्तू अशी सापडली, जिच्यात दोष सापडेना. मग ते तिचे वकील झाले. इमारतीच्या जिन्याखाली एक जुना फळा होता, त्यावर पूर्वी पाणी कधी येणार ते लिहीत. काकांनी तो ताब्यात घेतला. 'टोमॅटो तेलात परतला की त्यातलं लायकोपिन अंगाला जास्त लागतं. कच्चाही खा, शिजवूनही खा.' 'आज टोमॅटो स्वस्त आहे. उद्या केचप महाग आहे. मधले पैसे कुणाचे? विचार करा.' असलं काहीतरी रोज खडूने लिहिलेलं असायचं. आम्ही विचार करत करत जिना उतरायचो. इमारतीतली मुलं खाली बारीक अक्षरात 'आणि भोपळ्याचं काय?' लिहून पळायची. काका ते पुसायचे नाहीत. दुसऱ्या दिवशी भोपळ्याचं उत्तर लिहायचे.

मध्ये एका पावसाळ्यात टोमॅटो इतका महागला की लोकांनी तो कोशिंबिरीतून काढला आणि हॉटेलांनी भाजीतून. अख्खी कॉलनी हळहळत होती आणि काका मात्र पोरीला चांगलं स्थळ आल्यासारखे टवटवीत. "आता कळली ना किंमत?" असं ज्याला त्याला विचारायचे. त्या महिन्यात त्यांनी दूधवाल्याला वाढदिवसाला दोन टोमॅटो दिले, कागदात बांधून. दूधवाल्याने ते देवापुढे ठेवल्याचं नंतर हसत हसत सांगितलं.

या वकिलीत त्यांचा एकच शत्रू होता, आणि तो म्हणजे मुतखडा. टोमॅटोच्या बिया पोटात जाऊन त्यांचा खडा होतो, ही आपल्याकडची जुनी समजूत. कुणी ती बोलून दाखवली की काकांचे कान लाल व्हायचे. सोसायटीचे सेक्रेटरी, जे काकांचे जिगरी दोस्त आणि म्हणूनच छळवादी, ते तर मुद्दाम विषय काढायचे. काका कशावरही बोलत असोत, सेक्रेटरी शेवटी विचारायचे, "ते सगळं ठीक, पण मुतखड्याचं काय?" मग फळ्यावर मोठ्या अक्षरात, खाली दोन रेघा ओढून: 'बियांचा खडा होत नाही. ही अफवा आहे. धडधाकट माणसाने बिनघोर खावा.'

अफवांबद्दल इतके जागरूक काका स्वतःच्या डोक्यातून निघालेल्या कल्पनांच्या बाबतीत मात्र फार भोळे होते. पाणी पिताना मी त्यांना क्वचितच बघितलं. एकदा उन्हातून आल्यावर मी तांब्या पुढे केला, तर हाताने बाजूला सारला.

"टोमॅटोत नव्वद टक्क्यांच्या वर पाणीच असतं. मी दिवसाला चार खातो. त्यावर पुन्हा पाणी प्यायचं म्हणजे एकाच मालाचं दोनदा बिल."

काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "दगड आहात नुसते." हे त्या रागाने म्हणाल्या होत्या, पुढचं भविष्य सांगायचा त्यांचा काही विचार नव्हता.

आता मावशींबद्दल सांगायला हवं. गिरणारे भागातल्या एका खेड्यातल्या या शेतकरीण बाई. आठवडे बाजाराच्या दिवशी पिकअपमधून भाजी घेऊन यायच्या. आवाज असा की बाजाराच्या दुसऱ्या टोकाला भाव कळावा. बाजारातले बाकीचे विक्रेते काकांना बघून टोमॅटो झाकायचे, कारण काका देठाचा वास घेऊन प्रत्येक टोमॅटोवर निकाल द्यायचे. मावशी मात्र क्रेटच पुढे सरकवायच्या. "घ्या काका, करा पंचनामा. तुमी नाय म्हनले ते मी बाजूला ठिवते, तुमी हो म्हनले ते दोन रुपये वर लावते." काकांना नोकरीत कुणी इतका मान दिला नव्हता.

एका दसऱ्याच्या सुमारास टोमॅटोचा भाव साफ पडला. मावशी क्रेटवर क्रेट घेऊन आमच्या दारात. "काका, वाटून टाका कॉलनीत. मार्केटला न्यायचं भाडं पन निघंना. बाकीचा तोडलाच नाय, तसाच सोडलाय वावरात."

"सोडला म्हणजे?"

"सोडला म्हंजी सोडला. गुरं खातील, मातीत जाईल."

"म्हणजे स्क्रॅप?" काका उठूनच उभे राहिले. "एवढा चांगला माल स्क्रॅप? अहो, स्क्रॅप अशी काही वस्तूच नसते जगात. रिवर्क करायचा कंटाळा असतो माणसाला!"

त्या संध्याकाळी त्यांनी जाहीर केलं की टोमॅटो वाळवायचा, त्याची पूड करायची आणि वर्षभर विकायची. इमारतीतल्या बायका हसायला लागल्या. वाळवण घालायचं ते चैत्र-वैशाखात. घर दिवाळीच्या सफाईला काढायचं की गच्चीवर वाळवण घालायचं? काकांचं म्हणणं, टोमॅटोला पंचांग कळत नाही, तो आत्ता पिकलाय आणि ऑक्टोबरचं ऊनही आत्ताच आहे.

पहिली खेप त्यांनी स्वतःच्या अकलेने केली. एकसारख्या जाडीचे काप पडावेत म्हणून लाकडाचा साचा बनवला. लोखंड लवकर तापतं या हिशोबाने भंगारवाल्याकडून जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी पत्रे आणले, घासून लख्ख केले, त्यावर मीठ लावलेले काप मांडले. दोन दिवसांत कापांनी पत्र्याचं जस्त खाल्लं. काप काळपट पडले, आणि काकूंनी एक जिभेला लावून थुंकला. "किल्ली चाटल्यासारखं लागतंय."

काकांनी एक पत्रा उचलून दोन्ही बाजूंनी तपासला. मग सगळी खेप पोत्यात भरून स्वतः खाली नेऊन टाकली, आणि फळ्यावर लिहिलं: 'पहिली बॅच रिजेक्ट. कारण: इन्स्पेक्टरने पत्रा तपासला नाही. चूक लपवू नये.' कारखान्यात लाल खडूने लिहायचे म्हणे, म्हणून हेही लाल खडूने. मला त्या दिवशी ते फार आवडले.

दुसरी खेप काकू आणि मावशींनी मिळून केली. गच्चीत खाटा टाकल्या, वर जुन्या मच्छरदाण्या ताणून बांधून त्यांवर काप मांडले, म्हणजे कापांना खालूनही वारा लागतो. वरून मलमलची साडी. चार दिवसांनी गच्चीत असा आंबट-गोड वास सुटला की शेजारच्या इमारतीतले लोक कठड्यावरून चौकशी करायला लागले. मिक्सरमधून निघालेली पूड काकांनी चिमटीत घेऊन उजेडात धरली, हुंगली, पुन्हा चाळून आणायला सांगितली, आणि मगच मान हलवली.

पुढच्या मोसमात मावशींनी गावातल्या दहाबारा बायका गोळा करून गट काढला. खाटा, मच्छरदाण्या, पूड, पाकिटं. दिवाळीच्या तोंडावर आमच्या कॉलनीच्या हॉलमध्ये बचत गटांचं प्रदर्शन भरायचं, तिथे त्यांनी टेबल घेतलं. या प्रदर्शनावर बरंच काही अवलंबून होतं. मावशींना गावात वाळवणासाठी कायमची शेड टाकायची होती. घरचे म्हणत होते, शहरातल्या एका म्हाताऱ्याच्या नादाला लागलीस, पाकिटं घेऊन परत आलीस तर पुन्हा नाव काढायचं नाही. मावशींनी पैज घेतल्यासारखं सांगितलं होतं, "परत आनली तर मीच चुलीत घालीन." आणि उद्घाटनाला टोमॅटोच्या गुणांवर चार शब्द बोलायला त्यांनी काकांनाच उभं केलं होतं.

प्रदर्शनाला आठवडा राहिला आणि काका वाकून चालायला लागले.

"उसण भरलीय," म्हणाले. दुपारी माझ्या खोलीत आले, दार लावलं आणि खुर्चीचा हात धरून घामाघूम होऊन बसले. "तुझी स्कूटर काढ. डॉक्टरकडे जायचंय. आपल्या इथल्या नको, लांबचा बघ." ऑक्टोबरच्या त्या उकाड्यात या गृहस्थांनी कानटोपी घातली, वर मफलर गुंडाळला. कुणी ओळखू नये म्हणून. वाटेत जो तो वळून बघत होता.

सोनोग्राफी झाली. डॉक्टर तरुण होते. रिपोर्ट बघून म्हणाले, "खडा आहे काका. पाणी किती पिता?"

काकांनी त्यांना टोमॅटोतल्या पाण्याची आणि दुहेरी बिलाची सगळी उपपत्ती सांगितली. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग फार सभ्यपणे म्हणाले, "टोमॅटो खा की. पण पाणी पाण्यासारखं प्या. हा खडा तहानेचा आहे." गोळ्या दिल्या आणि कळ वाढली तर लगेच दाखल व्हा म्हणून बजावलं.

बाहेर आल्यावर काकांनी माझा दंड धरला. "हे कुणाला कळता कामा नये. निदान प्रदर्शन होईपर्यंत."

"पण काका, टोमॅटोचा संबंधच नाही म्हणाले ते."

"ते तुला कळलं. कॉलनीला कळेल? टोमॅटोवाल्या काकांना मुतखडा! एवढंच ऐकतील, पुढचं कोण ऐकतंय? त्या बाईचं एक पाकीट विकलं जाणार नाही."

मी म्हणालो, "चूक लपवू नये, हे तुम्हीच लिहिलं होतं ना फळ्यावर?"

त्यांनी मफलर नाकापर्यंत ओढला. घरापर्यंत मफलरमध्ये तोंड घालून मागे बसून राहिले.

काकूंना अर्थातच कळलं होतं. पेशंटने कितीही मफलर गुंडाळला तरी खिशातली गोळ्यांची पट्टी बायकोच्या हाती लागतेच. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी न बोलता सकाळ-संध्याकाळ मुतखड्यावर देतात ते हुलग्याचं कढण पुढे ठेवायला सुरुवात केली. काकांनी "हे काय?" विचारलं नाही आणि काकूंनी सांगितलं नाही. शेजारी पाण्याचा तांब्या असायचा. तो रिकामा होईपर्यंत काकू तिथून हलायच्या नाहीत.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळीच हॉल भरला. मावशी नवं लुगडं नेसून, पाकिटांचा डोंगर रचून टेबलामागे उभ्या. काका इस्त्रीच्या शर्टात, कमरेवर एक हात ठेवून माईकपाशी आले. लायकोपिनपासून सुरुवात केली. चांगलं बोलत होते. हृदयावर आले, त्वचेवर आले, मग पिकाचा भाव पडला तरी वाळवलेल्या मालाचा पडत नाही या मुद्द्यावर आले. बायका उठून टेबलाजवळ जाऊन पाकिटं हातात घेऊन बघायला लागल्या होत्या. तेवढ्यात पुढच्या रांगेतून सेक्रेटरींनी, बिचाऱ्यांनी नेहमीच्या सवयीने, आवाज दिला.

"ते सगळं ठीक, पण मुतखड्याचं काय?"

हॉल हसला. काका हसले नाहीत. त्यांनी टेबलाची कड घट्ट धरली. मला दिसत होतं, त्यांना कळ आली होती. पण नुसती कळ नव्हती ती. 'अफवा आहे' एवढे दोन शब्द म्हटले की सुटले असते. त्यांनी मावशींकडे बघितलं, मग पाकिटांकडे, मग माझ्याकडे.

"मला झालाय," ते म्हणाले. "आत्ता आहे. डाव्या बाजूला."

टेबलाजवळच्या दोघींनी हातातली पाकिटं हळूच खाली ठेवली. मावशींच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला.

"ऐका. इन्स्पेक्टर म्हणून सांगतो. माल ओके आहे. चूक ऑपरेटरची आहे. मी पाणीच पीत नव्हतो. टोमॅटोत पाणी असतं, मग वेगळं कशाला, असं मला वाटायचं. डॉक्टर म्हणाले, हा खडा तहानेचा आहे. एवढी वर्षं दुसऱ्यांचे गिअर नापास केले, आता स्वतःला नापास करतोय. लिहून घ्या."

आधी काकूंनी हसायला सुरुवात केली. पदर तोंडाला लावून, पण खांदे हलत होते. मग सेक्रेटरी, आणि मग सगळा हॉल. लगेच चारी बाजूंनी उपाय यायला लागले. पानफुटीची पानं, जवाचं पाणी, मुळ्याचा रस. आपल्याकडे मुतखडा म्हटला की प्रत्येकाच्या आतला वैद्य जागा होतो.

त्या गलक्यात मागून एका आजींनी विचारलं, "मग ही पूड खाल्ल्यानं खडा पडून जातो का रे बाबा?"

हो म्हटलं असतं तर टेबलापुढे तिथल्या तिथे रांग लागली असती. काका म्हणाले, "नाही आजी. ह्यानं खडा पडून जात नाही. आमटी चवदार होते, तेवढंच खात्रीनं सांगतो."

टोमॅटोच्या चवीबद्दल बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकत होतो.

मावशी टेबलामागून निघाल्या त्या सरळ माईकपाशी. काकांच्या हातातून माईक काढून घेतला. त्या काकांना झाडणार, असंच मला वाटलं.

"ऐकलं का बायांनो? ह्या मान्साला खोटं बोलता येत नाय. मला बुडवायची वेळ आली तरी नाय आलं! सोताच्या पोटातला मुतखडा ज्यानं लपवला नाय, तो माझ्या पाकिटातलं वंगाळ लपवील व्हय? ही पूड त्यानं चाळून चाळून पास केलीया. आता घ्यायची तर घ्या, नाय तर मी घरी जाऊन चुलीत घालते."

चुलीत घालायला एकही पाकीट उरलं नाही. सेक्रेटरींनी चार घेतली आणि परत रांगेत उभे राहिले. मावशी पैसे घेता घेता एका हाताने डोळे पुसत होत्या आणि दुसऱ्या हाताने सुट्टे मोजत होत्या. मधेच ओरडल्या, "काका, शेड टाकायची! पन आधी तुमी दवाखान्यात जा!"

कळ आता चांगलीच वाढली होती. मी आणि काकूंनी मिळून काकांना रिक्षात घातलं. काकूंना सेक्रेटरींचा चेहरा आठवून पुन्हा हसू फुटलं, त्यांचं बघून मला, आणि मग काकांनाही.

"हसवू नका रे," ते पोट धरून म्हणत होते, "हसलं की कळ येते."

रिक्षावाल्याने आरशातून बघितलं. काळजीने म्हणाला, "काय झालंय हो बाबांना?"

आठवडाभर मफलरमध्ये तोंड लपवून फिरलेल्या त्या गृहस्थांनी रिक्षातून डोकं बाहेर काढलं आणि बिटको चौकातल्या सगळ्या रहदारीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "मुतखडा! टोमॅटोचा नाही, पाणी न प्यायल्याचा! तू पितोस का रे पाणी?"